वाऱ्याला पाठ

आबा, तुमचा रॉड कुणीतरी उलटा करून ठेवलाय! हे तुम्हाला कधी एकदा सांगते असं झालंय मला, आणि तुम्ही तर ऐकायला नाही, म्हणून कागद घेऊन बसलेय. तुम्ही आयुष्यभर वापरलात त्या वेल्डिंगच्या रॉडमध्ये लोखंडाची तार आत असायची आणि मसाला बाहेरून थापलेला. आता आपल्या शेडमध्ये जी नवी तार आलीय, तिच्यात लोखंड बाहेर आणि मसाला पोटात. करंजीसारखी! शिवायच्या दोऱ्यासारखी रिळावर गुंडाळून येते, मशीन तिला हळूहळू पुढे ढकलत राहतं, रॉड संपला म्हणून थांबायचं नाही, नवा लावायचा नाही. पहिलं रीळ आलं त्या दिवशी मी तारेचा तुकडा तोडला, पकडीनं दाबला आणि तळहातावर आपटला. राखेसारखी बारीक करडी भुकटी पडली. मी एकटीच हसत सुटले. समोर काका उभे होते, तुमचे जोडीदार, तेच आपले काका, त्यांना वाटलं माझं डोकं फिरलं.

हसू आलं ते मसाल्याच्या आठवणीनं. पावसाळ्यात रॉड सादळायचे आणि तुम्ही ते घरी आणून आईच्या तव्यावर भाजायचात. भाकरी झाली रे झाली की तुमची जुडी हजर. आई परातीतलं पीठ गोळा करत बोलत राहायची, "लोखंड खा आता कालवणाबरोबर," आणि तुम्ही उकिडवे बसून एकेक रॉड पापडासारखा उलटायचात. मी शेजारी बसलेली असते. तुम्ही मला सांगताय की ओला मसाला जळताना जोडाच्या पोटात वाफ सोडतो, आणि वाफ शिरली की जोड आतून कच्चा राहतो. मसाला पेटतो, त्याचा धूर होतो, तो धूर वितळलेल्या लोखंडावर पांघरुणासारखा बसतो आणि बाहेरच्या हवेला आत येऊ देत नाही. शाळेतलं विज्ञान मला कधी एवढं कळलं नाही. आई अजून त्या तव्याला लोखंडाचा वास येतो म्हणते, आणि अजून भाकरी त्याच्यावरच करते.

मग तुम्ही विचारणारच, मसाला आहेच पोटात, तर ते सिलिंडर कशाला उभं केलंय शेजारी? मलाही हाच प्रश्न पडला होता, म्हणून उत्तर पाठ करून ठेवलंय. त्या बारीक नळीत मावणारा मसाला जोडावर खपली धरतो, ठिणगी स्थिर ठेवतो, लोखंडात ताकद मिसळतो. पण हवा अडवण्याइतका धूर त्याच्यानं होत नाही. ते काम गॅसचं. बंदुकीसारखी जी मूठ हातात धरतो, तिच्या तोंडातून तारेच्या भोवतीनं गॅस बाहेर पडतो आणि वितळलेलं लोखंड झाकून धरतो. सिलिंडर न लागणारी तारही मिळते, पण तिचा धूर असा की शेडमध्ये माणूस दिसू नये. आपली गॅसवालीच. आता गॅस कोणता घ्यायचा, यात माझे गेले काही आठवडे गेलेत. एकतर नुसता सीओटू, म्हणजे सोड्याच्या बाटलीत असतो तो. नाहीतर मिक्स, म्हणजे बराचसा आर्गॉन आणि त्यात थोडा सीओटू. या तारेच्या खोक्यावर दोन्ही चालतील असं छापलंय, म्हणजे निवड सगळी माझ्या डोक्यावर.

पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये, कापड रंगवतात तिथं, नवीन मशीन बसणार आहेत आणि त्यांच्याखालचा सगळा सांगाडा आपल्याकडून करून घ्यायचं ठरतंय. जाड प्लेट, उभे जोड, आणि काम याच तारेनं व्हायला हवं अशी अट. मिलचे गुजराती इंजिनियर आले, शेड बघितली, चहा घेतला आणि म्हणाले, "बेन, वेल्डरनी टेस्ट थशे. अने टेस्ट जे गॅस पर, काम पण ए ज गॅस पर. पछी बदलवानुं नहीं." म्हणजे एकदा गॅस ठरला की ठरला. पण माझी झोप त्यानं उडाली नव्हती. उडाली ती काकांमुळे. उभा जोड आपल्याकडे काकांएवढा चांगला कुणी करत नाही, पण त्यांनी जन्मभर रॉडच धरलाय. टेस्टमध्ये नापास झालो तर गावी जाईन, असं त्यांनी स्वतःच सांगून टाकलं. धुळ्याकडे पोरगा बोलावतोच आहे म्हणे. मी म्हटलं, दुसरी कामं आहेत की. तर म्हणतात, "दुसराना जोड घासाले मी बसू का आते?" आणि आबा, काका गेले तर या शेडमध्ये तुमच्याबरोबर काम केलेलं कुणी म्हणजे कुणी उरत नाही. मला ते सहन होणार नव्हतं, हे तुम्हाला सरळच सांगते.

तुम्ही मला पाटी दिली होती, आठवतं? लिहायची नाही. पाटी फुटली होती, तिची लाकडी चौकट तेवढी राहिली होती, आणि तुम्ही त्या चौकटीत वेल्डिंगची काळी काच बसवून दिलीत. म्हणालात, आता बघ काय बघायचं ते, पण उघड्या डोळ्यांनी बघितलंस तर घरी पाठवीन. पलसाण्यालाच कुठल्यातरी मिलच्या आवारात तुमचं काम चाललंय, मी डबा घेऊन आलेय, आणि तुमच्या समोर पाटी धरून बसलेय. काचेतून सगळं जग काळं, मध्ये फक्त तो हिरवट थेंब, त्याच्या काठानं लोखंड लोण्यासारखं वितळतंय. शेताकडून वारा येत होता आणि तुमचा सगळा धूर माझ्या तोंडावर. मी खोकत होते आणि तरी हलत नव्हते. तुम्ही एकदम थांबून ओरडलात, "धूर खावाले उनी का आठे? ऊठ! वाराले पाठ दे नि बस." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते धुराचं की बोलण्याचं कोण जाणे. मग तुम्ही मला दंडाला धरून तुमच्या बाजूला आणून बसवलंत, वारा आपल्या दोघांच्या पाठीवर, धूर पुढे निघून चाललेला. तेव्हापासून हा आपल्या शेडचा कायदा झाला. वाऱ्याला पाठ.

तर ऐका. टेस्टच्या सरावाला बसलो. आधी सीओटू लावला. पर्वत पाटियाजवळच्या गॅसवाल्यानं आग्रहच धरला होता, "सीओटू ज लो, बेन, मिक्स तो शोबाजी छे." आपल्या कडोदऱ्यात सगळे तोच वापरतात हेही खरं. ठिणगीचा आवाज कडक, फोडणीत मोहरी तडतडावी तसा, शिंतोडे उडतायत, पण लोखंडात खोल शिरतो. काकांनी काच खाली घेतली, हात चालवला आणि वाः! रॉडची सवय असलेला माणूस असं वाटेना. मी खपली उडवली आणि बघते तर जोडभर बारीक छिद्रं, जाळीदार पावासारखी. दुसरी प्लेट, तीच गत. मिक्स लावून बघितला, आवाज मऊ, जोड दिसायला देखणा, आणि छिद्रं आहेतच. रेग्युलेटर बदलला, सिलिंडर बदललं, गॅसवाल्याला फोनवर नको नको ते बोलले. गॅस वाढवला तर छिद्रं आणखी वाढली. काका उठले, हात धुतले आणि जाळीसारखा तो जोड अंगठ्यानं चाचपत दारात उभे राहिले. त्यांची पाठ बघून मला कळलं की मनातल्या मनात ते पिशवी भरतायत.

आणि मग, आबा, ती मजा झाली! दुसऱ्या दिवशी काकांनी रोजच्यासारखी मशीनला अगरबत्ती लावली. तुम्ही लावायचात तशीच, आधी मशीनला, मग तुमच्या फोटोला. मी तिकडे बघत होते, म्हणजे बघत नव्हते, डोकं छिद्रांतच होतं, आणि दिसलं की अगरबत्तीचा धूर वर जात नाहीये. आडवा चाललाय! सुतळी ताणून धरावी तसा सरळ आडवा, काकांच्या बसायच्या जागेवरून प्लेटकडे. मी मागे वळले. काकांच्या पाठीशी तो मोठा उभा फर्राटा पंखा, पूर्ण वेगानं. वाऱ्याला पाठ! मी अगरबत्ती उचलली आणि मशीनच्या मुठीच्या तोंडाशी धरली. धूर मुठीशी टिकेचना, फर्रकन पुढे पळून जायचा. अहो, गॅस तरी कसा टिकणार? रॉडचा मसाला जोडाला चिकटून जळतो, त्याला थोडाफार वारा चालून जायचा. हा बिचारा सिलिंडरमधून येतो, त्याला ना वजन ना मुळं. आपण महागाचं पांघरूण घालत होतो आणि तुमचा कायदा ते पाठीमागून उडवून लावत होता. तुम्ही चुकलात, आबा! मी जोरात म्हटलं हे, तुमच्या फोटोकडे बघून, आणि मला इतका आनंद झाला की काय सांगू. तुम्ही असतात तर माझ्या आधी तुम्हीच अगरबत्तीचा अख्खा पुडा पेटवला असतात.

मी धावत जाऊन पंखा बंद केला. काकांनी तो परत चालू केला. मी परत बंद केला. मग काका पंख्यापुढे उभेच राहिले. "पंखा बंद करानं नही, पोरी. तुना बाप सांगे, वाराले पाठ दे." मी म्हटलं, काका, बाप रॉडबद्दल सांगायचा. तर म्हणाले, "तो छातीबद्दल सांगे." आणि ते पंखे तर मीच आणलेत. तुमच्या शेवटच्या वर्षात रात्रंदिवस जो खोकला ऐकला, त्यानंतर शेड हातात आल्यावर पहिलं काम मी ते केलं, प्रत्येक वेल्डरच्या पाठीशी एक पंखा. तो खोकला धुरानं, बिडीनं की मिलच्या वाफेनं, डॉक्टरनं नक्की काही सांगितलं नाही, पण मी माझ्यापुरतं ठरवलं होतं. तरी काकांना कसंबसं बसवलं, पंखा बंद ठेवून एक जोड मारायला लावला. जोड निघाला स्वच्छ, एकही छिद्र नाही! आणि सीओटूचा सगळा धूर काचेखालून काकांच्या तोंडात. ते उठले आणि खोकायला लागले. एक हात भिंतीला, मान खाली, मध्येच थांबून पुन्हा. तुम्ही खोकायचात तसं, अगदी तसंच. हातात चांगला जोड होता आणि मला तो फेकून द्यावासा वाटला.

आता पुढचं ऐका, यात तुम्ही माझी पाठ थोपटली असतीत. वारा ढकलायचा नाही, ओढायचा. एवढंच! मागून जोरात लोटलं तर गॅस जातो. वरून, थोडं लांबून हळू ओढलं तर धूर जातो आणि गॅस जागेवर राहतो. कडोदऱ्यात एक लूमचा कारखाना बंद होऊन त्याचं सामान निघत होतं, तिथून कापसाची धूळ ओढणारा ब्लोअर उचलून आणला. त्याला ताडपत्रीची नळी शिवून घेतली. पडदे शिवणाऱ्या बाईनं तीनदा विचारलं की ही कोणाची बाही आहे. नळी काकांच्या जागेवर टांगली, प्लेटच्या पलीकडे, थोडी वर. मग अगरबत्ती घेऊन मी आणि काका अर्धा दिवस खेळत बसलो. नळी जवळ घेतली की धूर मुठीपासूनच वाकायचा, म्हणजे गॅसही गेला. लांब केली की धूर तोंडावर. सरकवत सरकवत एक जागा अशी सापडली की मुठीजवळ धूर सरळ उभा, आणि वीतभर वर गेला की शहाण्यासारखा वळून नळीत शिरतोय. मी टाळ्या वाजवल्या. काका म्हणाले, "हाई ते जादू शे."

उरली निवड. दोन्ही गॅसनी आता जोड स्वच्छ येत होते. दोन्ही प्लेटा कापून मी शेजारी शेजारी ठेवल्या आणि तुमची जुनी सवय, जीभ दातात धरून, बघत बसले. सीओटूचा जोड खोल गेलेला, मुळापर्यंत घट्ट. मिक्सचा देखणा, पण मुळाशी जरा उथळ. टेस्टमध्ये जोडाच्या पट्ट्या कापून, मुळाची बाजू बाहेर ठेवून, प्रेसखाली घोड्याच्या नालेसारख्या वाकवतात, आणि तिथं चीर उघडली की माणूस नापास. म्हणजे काकांना पास करायचं तर सीओटू, हे कुणीही सांगितलं असतं. पण ब्लोअर चालू असतानाही सीओटूचा थोडा धूर काकांच्या काचेखाली रेंगाळायचा. मिक्सचा मुळातच कमी, उरलेला नळी घेऊन जायची. हे काम एका टेस्टचं नाही, पुढे महिनोन्महिने चालायचंय. मी मिक्स ठरवला. मग मुळाचं काय करायचं? प्लेटांच्या कडा जरा जास्त उतरत्या कापल्या, मधली फट वाढवली, करंट थोडा चढवला, आणि काकांना म्हटलं, पहिल्या थराला घाई करायची नाही, मुळाशी दोन्ही काठ वितळलेले दिसल्याशिवाय वर सरकायचं नाही. काका म्हणाले, "कोनता बी गॅस लाव, हात ते मनाच शे ना." पण रोज सुट्टी झाल्यावरही थांबून सराव करत होते, ते मला दिसत होतं. मी धाडस केलं होतं खरं, पण ते काकांच्या जिवावर केलं होतं.

आज सकाळी टेस्ट झाली. इंजिनियर आले, फर्राटा पंखे बंद बघून म्हणाले, "आटली गरमीमां?" मी नळीकडे बोट दाखवलं. काकांनी अगरबत्ती लावली, तुमच्या फोटोला जरा जास्तच वेळ ओवाळली, आणि बसले. मी कपाटातून पाटी काढली. लाकूड काळं पडलंय, काचेला एका कोपऱ्यात तडा आहे, तरी चालते. मी पाटी धरून बसले आणि पुन्हा सगळं काळं, मध्ये तो हिरवट थेंब. काकांचा हात डावी-उजवीकडे, काठावर क्षणभर थांबून, पुन्हा. तुमचाच हात तो, आबा. एकाच उस्तादाकडे शिकलात ना दोघं. धूर वळून नळीत जात होता. मग पट्ट्या कापल्या, घासल्या, प्रेसखाली ठेवल्या. प्रेस खाली येत होता आणि काका तिकडे न बघता हातमोज्यातून एकेक बोट सोडवत होते. पट्टी वाकत गेली, वाकत गेली, नाल झाली. इंजिनियरनी ती उजेडात धरली, चष्मा वर केला, मुळावरून नख फिरवलं. चीर नाही. दुसरी पट्टी, चीर नाही. मी ओरडले! चाळिशी ओलांडलेली बाई मी, शेडची मालकीण, आणि शेजारच्या गाळ्यातली माणसं धावत आली एवढ्यानं ओरडले. काकांनी नाल हातात घेतली, गरम होती तरी सोडेनात. म्हणाले, "आते पंखा बी नही, धूर बी नही. मंग मी खोकू कसाले?" आणि तोंड पुसायच्या निमित्तानं डोळे पुसले.

जाताना इंजिनियरनी विचारलं, कडोदऱ्यात सगळे सीओटूवर काम करतात, तुम्ही मिक्स का घेतला? मी ऐटीत सांगितलं की उभ्या जोडाला ठिणगी मऊ हवी, शिंतोडे कमी, घासायचं काम कमी. त्यांनी मान हलवली. खोटं काही नव्हतं त्यात. पत्र तर कुठे टाकायचं नाहीये, तुमच्या फोटोमागे ठेवीन आणि काका रोज त्याच्यापुढे अगरबत्ती लावतील, त्यांना कळणारही नाही. म्हणून इथं लिहून टाकते, आबा. शिंतोड्यांचा मी विचारच केला नव्हता. दोन्ही सिलिंडरं आळीपाळीनं लावत होते तेव्हा मी जोडाकडे बघतही नव्हते. डोळे मिटून काकांचा खोकला ऐकत होते, आणि ज्या गॅसवर तुमचा आवाज आला नाही, तो घेतला.